खुंटीवरचा ओळंबा

दोन हजार तेवीस सालचा वैशाख. हेदवीकडून आलेली एसटी आंबेकोंडच्या फाट्यावर थांबली आणि तुळसा पिशवी सावरत खाली उतरली. भावाचं बारावं उरकून ती परत आली होती. घरी जाऊन पिशवी टेकावी, पायांवर पाणी घ्यावं, एवढीही सबुरी तिला नव्हती. तिने सरळ खालच्या बौद्धवाडीची पायवाट धरली. तिथे प्रभावतीबाईंचं घर चढत होतं, आणि तिचा नवरा भागोजी ती गेल्यापासून तिथे तिच्याविना काम करत होता.

वळणावरच्या काजूखाली आली आणि तिचे पाय थांबले. तिथून घराचा पश्चिमेकडचा कोपरा दिसायचा. ती गेली तेव्हा भिंत खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत होती. आता भिंत खिडकीच्याही वर गेली होती, थरांवर थर चढले होते. जांभ्याचे ताजे चिरे उन्हात तांबडेलाल दिसत होते. तुळसाने मान तिरकी केली, पदराने डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं.

कोपरा अंगणाकडे कलला होता.

परक्याला ते कळलंही नसतं. पण लग्न होऊन आल्यापासून तिने नवऱ्यामागून चिरे आणि सिमेंटवाळूचा माल डोक्यावर वाहिला होता. खालून वर बघत, चुंबळ सावरत, भिंत चढताना पाहण्यातच तिचा जन्म गेला होता. पोटातली कळ जशी कोणी दाखवून द्यावी लागत नाही, तशी तिला ती भिंत कळली.

एके काळी आंबेकोंडात घरटी गवंडी होता. शिमग्याची पालखी देवळात गेली की दुसऱ्या दिवशी पुरुष हत्यारांच्या पिशव्या खांद्याला लावून निघायचे आणि मिरगाच्या तोंडावर परतायचे. पार रत्नागिरी, लांजा, गुहागरपर्यंत आंबेकोंडच्या गवंड्यांनी बांधलेली चिऱ्याची घरं उभी आहेत. मग पोरं मुंबईला गेली. कोणी टॉवरच्या दारात शिट्टी घेऊन बसला, कोणी मोटारसायकलवरून पार्सलं पोचवू लागला. जी मागे राहिली त्यांतली काही मिरकरवाड्याच्या बंदरावर बर्फ फोडायच्या कामाला लागली. म्हातारे एकामागून एक गेले. उरला तो भागोजी, आणि त्यानेही थापी ठेवून दिली होती.

प्रभावतीबाईंनी त्याला ती पुन्हा उचलायला लावली. त्या सिव्हिलला नर्स होत्या. नवरा रामजी वारला, नोकरी संपली, मुलगा धम्मदीप ठाण्याला स्थिरावला. बाईंनी जुनं मातीचं घर पाडलं, पाया खणला, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की बांधायला माणूसच नाही. चिपळूणचा गवंडी हायवेच्या कामात अडकलेला. पोफळीकडचा एक आला, पाया बघितला, चहा घेतला, तो पुन्हा फोन उचलेना. विजापूरकडची माणसं सिमेंटचे ब्लॉक लावायची, पण चिऱ्याला त्यांचा हात बसायचा नाही. मागचा पावसाळा बाईंनी पत्र्याच्या शेडमध्ये काढला. रात्रभर पत्रा वाजायचा, गाद्यांना बुरशी चढली, आणि रामजीचा फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी उशाला ठेवला. दिवाळी झाल्यावर त्या वरच्या वस्तीत, कोंडात, आल्या आणि भागोजीच्या ओटीवर बसूनच राहिल्या. भागोजीच्या आईबापांनी कधी त्या वाडीचं पाणी घेतलं नव्हतं. भागोजी मात्र उठला आणि त्याने खुंटीवरचा ओळंबा काढला.

तो ओळंबा त्याच्या बापाचा होता. भिंत सरळ चढते का ते बघायला दोरीने खाली सोडायचा पितळेचा, पेरूएवढा गोळा, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. घराच्या मधल्या भिंतीवर, वाशाला लागून उंच खुंटी होती, तिथे तो असायचा. बाईमाणसाचा हात ओळंब्याला लागला तर भिंत धरत नाही, असं सासऱ्याने तुळसाला लग्नाच्या वर्षीच सांगून ठेवलं होतं. तिने कधी लावला नाही. तिचा हात तिथे पोचतही नव्हता.

आणि भागोजीला आता ओळंबा दिसत नव्हता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. हे फक्त त्या दोघांना ठाऊक होतं. तुळसाने ऑपरेशनचं काढलं की तो म्हणायचा, "ह्या घर होऊ दे. महिनाभर धूळ नको, वजन नको म्हनतील. मग बायनं कुनाच्या तोंडाकडं बघायचा?" म्हणून दोघांनी एक रीत पाडली होती. चिरा बसवला की तो ओळंबा सोडायचा आणि डोळे बारीक करून उगाच बघत राहायचा. तुळसा खालून बघायची. चिरा बाहेर असेल तर रिकाम्या घमेल्यावर फावड्याचा दांडा एकदा वाजवायची, आत असेल तर दोनदा. बरोबर असेल तर नुसतं घमेलं खरवडायची. लोकांना वाटे, काकी घमेल्याला चिकटलेला माल झाडते आहे.

ती बाराव्याला गेली आणि घमेलं वाजवायला कोणी उरलं नाही.

ती अंगणात पोचली तेव्हा रघू आलेला होता. रघू कोंडातलाच. पोरवयात भागोजीच्या हाताखाली थापी धरून शिकला, मग थापी टाकून ठेकेदार झाला. विजापूरची टोळी घेऊन तो गावोगाव स्लॅब टाकत फिरायचा. त्याची तारीख मिळावी म्हणून माणसं त्याच्या पडवीत येऊन बसत.

"काका, भिंत तयार ना?" तो विचारत होता. "उद्या सकाळी सेंट्रिंगच्या फळ्यांचा टेम्पो येतोय. माज्या मानसांना मिरगाआधी गावाला जायचाय, पेरनीला. उद्याचा चुकला तर गनपती झाल्यावर बगू."

"तयार म्हंजे?" भागोजी परांचीवर उभा होता. खाकी हाफपँट, बनियन, डोक्याला पंचा. "भागोजीचा कोपरा हाय तो."

"बरा. म्हंजे लावून बगायला नको."

"लाव की! गुरूच्या भिंतीला वळंबा लावनारा चेला मना बगायचाच हाय एकदा."

रघू हसला. "तुमी पन ना, काका!" तो कोपऱ्याकडे गेलाच नाही. जिथे उभा होता तिथूनच त्याने भिंतीकडे पाहिलं आणि नजर पटकन मोबाइलवर नेली. तुळसाच्या मनात आलं, ह्याला दिसलंय. दिसलंय आणि ह्याला बघायचं नाहीये.

तिने पिशवी खाली ठेवली, घमेलं उचललं आणि दांडा वाजवला. एकदा.

परांचीवर भागोजीची पाठ ताठ झाली.

"आलीस व्हय?" तो न वळता म्हणाला. "घरी जा आदी. आंगूळ कर. सुतकाच्या घरनं आलीस."

तुळसाने पुन्हा वाजवलं. एकदाच. थोडं थांबून पुन्हा एकदा.

"काय गो काकी," बाजूला वाळू चाळत बसलेली हाताखालची पोरगी चिमा हसून म्हणाली, "आल्या आल्या कामाला लागलीस? घमेला तरी कोरडा हाय."

तुळसा तिच्याकडे बघेना. तिचा दांडा पडतच राहिला. एक. एक. एक. आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येत होता.

"वाजवू नको म्हनतो ना!" भागोजी ओरडला. त्याचा आवाज फाटला. रघूने मोबाइल खिशात घातला.

"येतो काका. उद्या सात वाजता टेम्पो." आणि त्याने गाडीला किक मारली.

गाडीचा आवाज वळणाआड गेल्यावर तुळसा परांचीखाली जाऊन उभी राहिली.

"आवो, कोपरा बाहेर हाय. चांगला दोन बोटं."

"प्लास्टरात जाईल."

"दिसायला जाईल. वर स्लॅब बसनार हाय आनि खाली बाय झोपनार हाय."

"तू हुतीस कुटं?" भागोजी एकदम म्हणाला.

भाऊ गेला होता तिचा.

"रघूची तारीख हुती. थांबलो असतो तर तो गेला असता दुसरीकडं," भागोजी हातांकडे बघत बोलला. "हातानं चाचपून लावलेत मी थर. आजवर माजा हात कदी चुकला नाय."

शेडमधून प्रभावतीबाई बाहेर आल्या. हातात काळ्या चहाचे पेले होते. ते त्यांनी चिऱ्यांच्या ढिगावर ठेवले आणि पदराला हात पुसत त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"सगळं ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "आणि नवीन काही ऐकलं नाही. भागोजीदादा, तुमचे डोळे मला पाया बघायला आलात तेव्हाच दिसले होते. किती वर्षं डोळ्यांच्या वॉर्डात काढलीत मी. बुबुळ पांढरं झालेलं मला कळणार नाही?"

भागोजीने परांचीची बांबूची वल्ली धरली. "मग बोललात का नाय?"

"बोलले असते तर तुम्ही हत्यारं गोळा करून निघून गेला असता. दुसरं कोण होतं मला?" बाईंनी शेडकडे बोट केलं. "त्या पत्र्याखाली आणखी एक पावसाळा काढायची छाती नव्हती माझी. घमेल्याचं पण कळलं होतं. म्हटलं, चाललंय ना, चालू दे."

कोणी चहाला हात लावला नाही. चिमाची चाळणी थांबली होती.

"पाडा," प्रभावतीबाई म्हणाल्या. "वहिनी म्हणतात तर पाडा. राहीन मी शेडमध्ये."

"पाडाल सुकानं! पुन्ना बांदनार कोन?" भागोजी वरून म्हणाला. "कोंडात हाय कोन? मना दिसत नाय. झाला? बोललो एकदाचा! मना दिसत नाय!"

"मी बांदीन," तुळसा म्हणाली.

भागोजी हसला. त्या हसण्यात काही गोड नव्हतं. "तू? थापी धरशील? चिरा वाहनं येगळा आनि बसवनं येगळा. लोक काय म्हनतील? भागोजीच्या बायकोनं नवऱ्याची भिंत पाडली?"

"आनि बायच्या अंगावर पडली तर काय म्हनतील?"

तो परांचीवरून चाचपडत उतरला, माडाच्या बुंध्याशी जाऊन बसला आणि खिशातल्या ओळंब्यावर मूठ आवळली.

तुळसाने नऊवारीचा काष्टा घट्ट केला. लोखंडी पहार घेऊन ती वर चढली. वरच्या थराच्या सांध्यात टोक घातलं आणि सगळं अंग टाकलं. माल अजून पुरता धरला नव्हता. चिरा करकरला, हलला आणि धप्पकन अंगणात पडला. माडाखाली भागोजीचे खांदे दचकले. दुसरा चिरा पडला. तिसरा. दर आवाजाला ते खांदे तसेच दचकत होते. तुळसाला ते वरून दिसत होतं. तिला वाटलं, खाली उतरावं, त्याच्याजवळ बसावं, म्हणावं, ऱ्हाव दे. आणि पहार पुढच्या सांध्यात जातच होती.

खाली चिमा पडलेल्या चिऱ्यांचा माल तासून काढू लागली. प्रभावतीबाईंनी पदर खोचला आणि नवा माल कालवायला घेतला.

दुपार कलली तेव्हा कोपरा खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत खाली आला होता. तुळसाने थापी हातात घेतली. आयुष्यभर धुऊन, पुसून, नवऱ्याच्या हातात दिलेली थापी. मूठ त्याच्या बोटांनी झिजली होती आणि तिच्या हाताला ती वेडीवाकडी लागत होती. तिने माल पसरला. जास्त झाला. खरवडून काढला, पुन्हा पसरला. चिमाने दिलेला चिरा छातीशी धरून बसवला. तो डुगडुगला. पुन्हा उचलला. घाम डोळ्यांत उतरत होता.

तेवढ्यात गाडी वाजली. रघू आला होता. पडलेला कोपरा बघून त्याने गाडी तशीच आडवी टाकली.

"ह्या काय केलात? काकी! उद्या टेम्पो हाय माजा!"

"उद्या दुपारी आन."

"दुपारी? विजापूरच्या मानसांना काय सांगू? तुमी..." तो कोपऱ्याजवळ आला आणि बोलायचा थांबला. माडाखाली बसलेल्या भागोजीकडे त्याने पाहिलं, मग तुळसाच्या हातातल्या थापीकडे.

"सकाळी दिसला ना तुला, रघू?" तुळसाने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता.

रघूने मान खाली घातली. "दिसला."

"मग घे थापी. तू शिकलेला हायस."

"माजा हात गेला काकी," तो म्हणाला. "फोन उचलन्यात नि तारखा देन्यात गेला." त्याने शर्ट काढून गाडीवर टाकला, वाकून चिरा उचलला आणि तिच्याकडे वर दिला. ज्याच्या एका तारखेसाठी माणसं पडवीत बसायची, तो त्या दुपारी तुळसाचा बिगारी झाला.

पहिला थर नजरेने बसला. दुसऱ्या थराला तुळसा थांबली. आता नजर पुरणार नव्हती.

"वळंबा पायजे," ती म्हणाली.

माडाखाली भागोजीने मूठ सोडली नाही. रघू जागचा हलला नाही. त्या मुठीतून ओळंबा मागायची त्याची हिंमत नव्हती. माल सुकत चालला होता. तुळसा चिऱ्यावर हात ठेवून उभी राहिली. वरून एक कावळा ओरडत गेला. ती मागणार नव्हती दुसऱ्यांदा, आणि ओळंब्याशिवाय पुढचा चिराही लावणार नव्हती.

शेवटी भागोजी उठला. भिंतीला हात लावत लावत आला, परांचीवर चढला, आणि कोपऱ्याच्या माथ्यावरून त्याने स्वतः दोरी सोडली.

"बग," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "कसा हाय?"

इतक्या वर्षांत त्याने हे कधी तोंडाने विचारलं नव्हतं. घमेलंच बोलायचं.

तुळसा वाकून बघत राहिली. "कळत नाय."

"कळत नाय म्हंजे?"

"वळंबा ठरत नाय." ती पुढचं हळू म्हणाली, जणू फक्त त्यालाच ऐकू जावं. "हात हलतोय तुमचा."

खरंच हलत होता. पितळेचा ओळंबा भिंतीला टिकटिक लागत होता आणि थांबत नव्हता. भागोजीने दुसऱ्या हाताने मनगट धरलं. तरी थांबेना. प्रभावतीबाईंनी तोंड फिरवलं. रघू पायाखालचा माल उगाच पायाने सारखा करू लागला.

"धर," भागोजी म्हणाला.

दोरी तिच्या हातात आली. पितळ त्याच्या मुठीने गरम झालेलं होतं. तुळसाने दोरी चिऱ्यावर टेकवली, श्वास आवरला. ओळंबा दोनदा झुलला आणि उभा राहिला.

"बाहेर हाय," ती म्हणाली. "एक सूत."

"मग ठोक हळू. कोपऱ्यावर नको, मदे ठोक. हां. आता?"

"आला."

"मग पुडचा घे. माल सुकतोय."

दिवेलागणीपर्यंत ती लावत राहिली आणि तो बाजूला उभा राहून सांगत राहिला. कधी चिडून, कधी शिवी देऊन, जसा जन्मभर हाताखालच्या माणसांना सांगत आला होता तसा. उरलेले थर दुसऱ्या दिवशी टेम्पो यायच्या आत पुरे झाले.

स्लॅब मिरगाआधी टाकून झाला. आपल्याकडे त्या दिवशी गवंड्याला मान देतात. प्रभावतीबाईंनी बुद्धवंदना झाल्यावर भागोजीला टॉवेल, टोपी आणि नारळ दिला, आणि तुळसाला गवंड्याची बायको म्हणून खणाचं कापड. रीत अशी होती आणि ऐनवेळी ती कशी मोडावी हे कोणालाच सुचलं नाही. चिमा तेवढी म्हणाली, "काकानू, टोपी मोटी हाय. दोगांची डोस्की बसतील तिच्यात!" सगळे हसले. भागोजी हसला नाही. टोपी हातात धरून तो नुसता बसून राहिला.

प्रभावतीबाई त्याच पावसाळ्यात नव्या घरात राहायला गेल्या. पश्चिमेच्या खिडकीखाली त्यांची कॉट आहे, आणि रामजीचा फोटो त्याच कोपऱ्यात टांगला आहे. रघूचा धंदा वाढला. आता तर त्याची तारीख आणखीच लांबची मिळते. चिऱ्याचं काम आलं की तो लोकांना तुळसाचं नाव सांगतो. आधी लोक बाई म्हणून परत जायचे. मग दुसरं कोणी मिळालं नाही की स्वतःहून यायचे. चिमा तिच्या हाताखाली थापी धरायला शिकली, आणि आता लांज्याकडे स्वतंत्र कामं घेते. विजापूरचे गवंडी तिला ताई म्हणतात.

भागोजीला श्रावणात प्रभावतीबाईंनीच सिव्हिलला नेलं. डोळे स्वच्छ झाले. पट्टी सुटल्यावर तो पहिला गेला तो त्या कोपऱ्याकडे. ओळंबा न सोडता, नुसता काजूखाली उभा राहून बराच वेळ बघत होता, असं बाई सांगतात. घरी येऊन तो त्याबद्दल अक्षर बोलला नाही. पुढच्या वर्षी माघात, झोपेतच, तो गेला.

पण पट्टी सुटली त्याच्या दुसऱ्या सकाळची गोष्ट. तुळसा विहिरीवरून आली तेव्हा घरात ठोकण्याचा आवाज येत होता. ती आत गेली तोवर भागोजी हातोडी ठेवून ओटीवर विडी ओढत बसला होता. मधल्या भिंतीवर वाशाजवळचं जुनं भोक उघडं पडलं होतं, आणि खुंटी खाली आली होती, बरोबर तिच्या खांद्याच्या उंचीवर. ओळंबा तिथे लटकत होता, आणि अजून जरासा हलत होता.